अंजनाचं चित्र

"डोळे टपोरे काढा, नाक सरळ काढा. आमी काय मोजाया बसनार हाय का?" सोमाजी वैतागून म्हणाला.

पीरमहंमद पेंटरने ब्रश खाली ठेवला. "न्हाई भाऊ. दुसऱ्याच्या पोरीचं तोंड मी तुमच्या भिंतीवर टांगनार न्हाई."

जुन्नरात तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गेलेल्या माणसांची चित्रं काढून घ्यायलाही लोक लांबून यायचे, पण फोटो घेऊन. सोमाजी आणि सरूबाई मढहून रिकाम्या हातांनी आले होते. त्यांची अंजना गेल्या साली तापाने गेली. नऊ वर्षांची होती. तिचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता.

सोमाजी उठला. सरूबाई मात्र बसूनच राहिली.

"आता मलाच तिचं तोंड नीट दिसंना झालंय," ती हळूच म्हणाली.

पीरमहंमद तिच्यासमोर उकिडवा बसला. "मग काय दिसतं, ते सांगा ताई."

"पान्याला निघाली की दिसती. उजव्या कमरंवर कळशी, म्हनून डावीकडं झुकल्याली. मी दारातनं बघायची. एका येनीची रिबीन कायम सुटल्याली."

त्या शुक्रवारी तो एसटीने मढला गेला. विहिरीच्या वाटेवर दुपारभर बसून पाण्याला जाणाऱ्या मुलींची चाल न्याहाळत राहिला. पुढचे तीन आठवडे पाट्या पडून राहिल्या. सुटलेली वेणी त्याने चारदा खोडली.

"एक गोडसं तोंड काढून मोकळे व्हा की," बायको नजमुन्निसा म्हणाली. "आईबाप खूश व्हतील."

"जे ठावं न्हाई ते रंगानं झाकायचं नसतं. जेवढं ठावं हाय तेवढंच करायचं, पन त्यात कसूर नको."

चित्र न्यायला दोघं आले. लाल मातीची वाट, आणि कळशी घेऊन निघालेली पाठमोरी पोर.

"अवो, तोंड..." सोमाजीने सुरुवात केली आणि तो थांबला.

सरूबाई पुढे झाली. तिचं बोट सुटलेल्या रिबिनीपाशी जाऊन अडलं. "हीच ही. बगा कशी बिगीबिगी चाललीय."

सोमाजी चित्राजवळ सरकला. मग दुकानात माणसं आहेत हे विसरून, दारातून हाक मारावी तसा म्हणाला, "अंजे..."

सगळे वळून बघू लागले. तो ओशाळला आणि खाली वाकून, घट्ट बसलेल्या वहाणेचा अंगठा उगाच नीट करू लागला.