लोखंड बारीक झालं त्याची गोष्ट

"एकशे नऊ किलो दोनशे!"

माइकवाल्यानं आकडा पुकारला आणि सगळ्या हॉलमधून "अरेरे" असा सूर निघाला. काट्यावर रंगवलेल्या लाल पावलांवर उभी असलेली बाई मान खाली घालून रडायला लागली. हलके महाराज तिच्याभोवती एक फेरी मारून थांबले. मग त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि तिच्या पोटापासून वीतभर लांब, हवेत, कच कच कच असं काहीतरी कापलं.

"डॉक्टरनं तुझं पोट कापलं, बाळ. भूक कापली का? नाही ना? मग वजन परत येणार नाही तर काय होणार! आम्ही भूकच कापतो. ना चाकू, ना टाका, ना भूल. याला म्हणतात सूक्ष्म रिव्हिजन, बिनचाकूचं दुसरं ऑपरेशन. चल, दोन पावलं पुढे ये. मागे वळून बघायचं नाही."

बाई पुढे येऊन पांढऱ्या पावलांवर उभी राहिली.

"अठ्ठ्याण्णव किलो आठशे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दहा किलोंहून जास्त वजन दोन मिनिटांत, तेही अंगावरचे कपडे न काढता. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ तर उभेच राहिले.

हा हॉल म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक बंद पडलेली जिम. भिंतीवरच्या आरशांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, कारण महाराजांच्या मते आरसा माणसाला खोटं दाखवतो. खरं दाखवायला मधोमध काटा होता, गोदामात पोती तोलतात तसला रुंद लोखंडी प्लॅटफॉर्म. मागच्या कडेला रंगवलेली लाल पावलं भाराची, पुढच्या कडेची पांढरी हलकेपणाची. समोर दीडेकशे माणसं बसलेली आणि त्यातली निम्मी तरी अशी, की ज्यांनी कधीतरी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं, चाळीस-पन्नास किलो उतरवले होते, आणि मग ते गुपचूप परत आले होते. महाराजांनी गिऱ्हाईक नेमकं हेरलं होतं. ज्याला एकदा यश मिळून हातचं गेलंय, तो माणूस दुसऱ्यांदा काहीही मानायला तयार होतो.

भिंतीला टेकून उभी असलेली थोरली टाळ्या वाजवत नव्हती. काट्यावरची बाई तिची सख्खी धाकटी बहीण होती.

धाकटी शिवणकाम करायची. पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊन तिच्या जठराचा मोठा भाग काढला, तेव्हा तिचे जुने कपडे तिनंच उसवून अर्धे केले होते आणि मशीनवर बसून गाणी म्हटली होती. मग तिसऱ्या वर्षापासून वजन चढायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की असं पुष्कळांचं होतं, आधी दुर्बिणीनं जठर बघू, रक्त तपासू, खाण्याचं बघू, मग दुसरं ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवू. दुसऱ्यांदा जोखीम पहिल्यापेक्षा जास्त असते, हेही सांगितलं. धाकटीनं त्यातलं एकच वाक्य घरी आणलं, जोखमीचं. नवरा म्हणाला, "एकदा कापून काय दिवे लागले?" सासू जेवताना तिच्या ताटाकडे बघायची. अशा घरातून महाराजांकडे जाणारी वाट फार सोपी असते.

महाराज तिला दर आठवड्याला दहा किलो हलकी करत आणि दर आठवड्याला लाल पावलांवर वजन परत एकशे नऊच्या घरात भरे. "माझ्या कात्रीत खोट नाही, बाळ. तुझ्या तोंडाला लगाम नाही," महाराज म्हणत. धाकटी मान डोलवी आणि घरी येऊन उपाशी राही. औषधाच्या गोळ्या, महिन्याचं इंजेक्शन, सगळं त्यांनी बंद करायला लावलं होतं. औषधाचंही वजन असतं म्हणे!

थोरलीच्या हे लक्षात आलं ते एका पांढऱ्या फ्रॉकमुळे. धाकटी मशीनवर शिवत होती आणि कापडावर लाल ठिपके उमटत होते. सुई बोटात शिरली होती आणि तिला पत्ता नव्हता.

"अगं, रक्त येतंय!"

"कुठे?" धाकटीनं इकडेतिकडे बघितलं. बोटं तिच्याच हाताची होती.

थोरलीनं तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला. इंजेक्शन बंद केल्याचं सांगितलं. जठर कापलेल्या माणसाला ती जीवनसत्त्वं आयुष्यभर बाहेरून द्यावी लागतात, नाहीतर नसा मरायला लागतात, एवढंच त्या म्हणाल्या, आणि लगेच घेऊन या म्हणाल्या. धाकटी काही जायला तयार होईना.

"ताई, तुला माझं कमी झालेलं बघवत नाही."

"कमी झालंय तर हे काय आहे?" थोरलीनं तिच्या ब्लाउजची शिवण उलटी करून दाखवली. माया ठेवलेली होती तीही उसवून वापरून झाली होती. "काटा कमी दाखवतोय आणि टेप जास्त दाखवतेय. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय ना?"

"काट्यावर तपासणीचा शिक्का आहे. जाऊन बघ."

म्हणून थोरली बघायला आली होती. काट्यांची दुरुस्ती आणि तपासणी हाच तिचा धंदा होता, वडिलांकडून आलेला. माणसं पांगल्यावर ती प्लॅटफॉर्मजवळ वाकली. शिक्का खरा होता. तिच्याच दुकानाचा होता.

मग तिला तो दिवस आठवला. कोणीतरी टेम्पोत घालून जुना काटा आणला होता. दुकान बंद करायची वेळ, गडी निघून गेलेला. प्रमाणित वजनं मधोमध ठेवून बघितली, बरोबर भरली, शिक्का मारला. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघायचं असतं. वडिलांनी ते तिला लहानपणी कान धरून शिकवलं होतं. तिनं तेवढं एक काम टाळलं, पाठ दुखत होती म्हणून.

घरी जाताना ती रस्त्यातून चालत महाराजांना तोंडानं शिव्या देत होती आणि मनातून स्वतःला. त्या माणसाला नुसता पकडून तिचं समाधान होणार नव्हतं. त्याला भर हॉलमध्ये, त्याच्याच काट्यावर, त्याच्याच लाडक्या माणसांसमोर उभा करून उघडा पाडायचा होता. आठवडाभर तिला दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या बैठकीला ती चाकांची भाजीची पिशवी ओढत आली. महाराजांनी सुरुवातीलाच आपला नेहमीचा खेळ केला. "कोणाला शंका असेल त्यानं खुशाल काटा तपासावा!" आणि जिममधलं वीस किलोचं डंबेल प्लॅटफॉर्मच्या मधोमध ठेवलं. माइकवाला ओरडला, "वीस किलो!" टाळ्या.

"मला शंका आहे," थोरली म्हणाली.

"या या, माउली. शंका हेसुद्धा एक वजनच आहे."

"हो ना. माझं वीस किलोचं आहे." तिनं पिशवीतून प्रमाणित वजन काढलं. ओतीव लोखंड, वर छाप, पकडायला कडी. तिनं ते लाल पावलांवर ठेवलं. "पुकारा हो, माइकवाले."

माइकवाल्यानं आकडा बघितला आणि महाराजांकडे बघितलं.

"घसा बसला का? मी पुकारते. एकवीस किलो! महाराज, या लोखंडानं आठवडाभर काय खाल्लं असेल हो?"

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं.

"आता याची भूक कापा. करा की कच कच. नाही जमत? थांबा, मी कापते." तिनं दोन बोटं हवेत चालवली, वजन उचललं आणि पुढे पांढऱ्या पावलांवर ठेवलं. "एकोणीस! दोन किलो उतरले. टाळ्या वाजवा ना! लोखंड बारीक झालं!"

कोणीही टाळी वाजवली नाही. महाराज हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "माउली, निर्जीव वस्तूला ही विद्या लागू पडत नाही."

"मग सजीव घेऊ. या, चढा. नाही, पांढऱ्यावर आधी."

ते मागे सरकले. पण पहिल्या रांगेतले ते गृहस्थ, गेल्या आठवड्यात उभे राहून टाळ्या पिटणारे, त्यांनीच महाराजांना दंडाला धरून चढवलं. पांढऱ्या पावलांवर महाराज साडेसहासष्ट भरले. दोन पावलं मागे, लाल पावलांवर, साडेत्र्याहत्तर.

"सात किलो वाढले, एका मिनिटात!" थोरली आता माइक स्वतःच्या हातात घेऊन बोलत होती. "काय महाराज, तोंडाला लगाम नाही का? घरी जाऊन काय चरता? गोळ्या बंद करा गोळ्या, त्यांचं वजन फार असतं!"

तिला मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या माणसाचा चेहरा उतरत गेला तसं तिला आणखी बोलावंसं वाटत होतं. पण समोर धाकटी बसली होती, पांढरीफटक, आणि तिच्याकडे बघून थोरलीनं आवाज खाली आणला.

"ऐका. या प्लॅटफॉर्मच्या चार कोपऱ्यांखाली वजन मोजणारे चार भाग असतात. प्रत्येकाला एक बारीक स्क्रू. मागचे दोन पिळून जास्त दाखवायला लावलेत, पुढचे दोन कमी. मधोमध वजन ठेवलं तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि आकडा बरोबर येतो. चोर व्यापारी असा काटा ठेवतात, माल घेताना पुढे तोलतात आणि विकताना मागे. या गृहस्थानं तोच काटा भंगारातून घेतला आणि त्याला पावलं रंगवली. तुमचं वजन दोन मिनिटांत कमी झालं नाही आणि आठवड्यात परतही आलं नाही. तुम्ही फक्त दोन पावलं चाललात."

"पण शिक्का?" कोणीतरी विचारलं.

थोरलीनं हे वाक्य आठवडाभर घोकलं होतं. "शिक्का माझा आहे. मी कोपरे तपासले नाहीत. आळस केला. यांनी फसवलं, आणि त्यावर माझं नाव होतं."

मग धाकटी उठली, भिंतीचा आधार घेत प्लॅटफॉर्मवर चढली आणि कोणी न सांगता बरोबर मध्यभागी उभी राहिली. एकशे चार. ना एकशे नऊ, ना अठ्ठ्याण्णव. इतके आठवडे उपाशी राहून, गोळ्या फेकून, बोटं बधिर करून घेऊन, एकशे चार. ती हमसून हमसून रडली, आणि तिच्यामागे एक एक करत सगळी रांग मध्यभागी येऊन उभी राहायला लागली.

फोन गेल्यावर पोलीस आले, तेव्हा महाराज मागच्या जिन्यानं सटकण्याच्या बेतात होते. तिथेच त्यांना पकडलं. थोरलीनं स्वतःच्या चुकीसकट सगळा जबाब लिहून दिला. तिचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. तिनं तक्रार केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकटीची बोटं टाचणीनं तपासली. इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली. धाकटीच्या नवऱ्यानं विचारलं, "दुसरं ऑपरेशन कधी करायचं?"

"आज ठरवायचं नाही. आधी नसा सावरू देत, मग जठर बघू. कदाचित करावं लागेल, कदाचित औषधांवर भागेल. आणि एक गोष्ट तुम्हीही ऐका. वजन परत येणं हा गुन्हा नाही. शरीर गेलेलं वजन परत मिळवायला झटतं. त्यावर इलाज असतो, सावकाश. यांना घरात कोणी ताटावरून बोललं, तर तेही औषध बंद केल्यासारखंच आहे."

नवऱ्यानं इंजेक्शनच्या तारखा लिहून घेतल्या.

आणि ही गोष्ट वाचणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगायचं आहे: ज्यांचं वजन परत आलं, त्यांना हसू नका, कारण तुमच्या हसण्यातूनच असल्या महाराजांचा हॉल भरतो. कोणाच्याही शब्दाखातर चालू औषध सोडू नका. आणि कोणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी तोच प्रयोग उलट्या क्रमानं करायला सांगा. खरं असेल तर तो करेल.

दवाखान्यातून निघताना थोरलीनं डॉक्टरीणबाईंना दारात गाठलं. "बोटं पूर्ण बरी होतील ना?"

"आठ बहुतेक होतील. उजव्या हाताच्या दोन बोटांचं सांगता येत नाही."

धाकटी त्याच दोन बोटांत सुई धरायची. थोरलीनं पर्समधून महाराजांवरच्या खटल्यात साक्षीसाठी आलेला कोर्टाच्या तारखेचा कागद काढला, नीट घडी करून परत ठेवला आणि म्हणाली, "मग मी साक्षीची एकही तारीख चुकवणार नाही. म्हातारी झाले तरी."