मोठ्या रस्त्यापलीकडचा दोस्त

नकाशावर सायकलमार्गाची हिरवी रेघ दोन्ही बाजूंनी ऐटीत यायची आणि मोठ्या रस्त्यापाशी मुकाट संपायची. पलीकडे जायचं कसं, हे ज्याचं त्याने बघावं. नगरपालिकेत रस्ते आखणाऱ्या इंजिनिअर बाईंना ती तुटकी रेघ बघवत नसे. तिच्या एका टोकाला त्यांचे बाबा राहत होते, दुसऱ्या टोकाला बाबांचा दोस्त.

दोघांनी उभी हयात एकाच कारखान्यात काढली. रोज शेजारीशेजारी सायकली हाणत, हुज्जत घालत घरी यायचे. बाबा दिसायच्या आधी त्यांचा आवाज गल्लीत पोचायचा, आणि लहानगी ती दाराकडे धावायची. मग मधून हा रस्ता गेला. त्यात दोस्ताचे कान गेले, म्हणजे फोनही कुचकामी.

"मी सोडते ना गाडीने."

"मी काय पार्सल आहे?" बाबांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी तिने सिग्नल आणि रस्त्याच्या मधोमध थांबायला चौथरा आखला. अर्धा रस्ता ओलांडा, थांबा, मग उरलेला. एका रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, खडूच्या खुणांमध्ये तिने बाबांना सायकलसकट उभं केलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मागचं चाक बाहेर, भर रस्त्यात. माणूस मोजला होता, सायकल मोजायची राहिली होती. साहेबांच्या नाकदुऱ्या काढून तिने चौथरा रुंद करून घेतला.

मार्ग सुरू झाला त्या सकाळी तिने दोस्ताच्या सुनेकडे निरोप ठेवला. बाबा निघाले, ती मागून चालत. पलीकडूनही एक सायकल डुगडुगत आली. दोघे चौथऱ्यावर समोरासमोर थांबले.

"म्हातारा झालास," बाबा म्हणाले.

"काय?"

"म्हातारा झालास म्हटलं."

"मग तू काय कोवळा राहिलास?"

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. दोघे जागचे हलेनात. सायकली आडव्या, वाट अडलेली. मागे घंट्या वाजू लागल्या.

"अहो, यांना कुणीतरी हटवा की," एकजण वैतागला.

वाट मोकळी ठेवणं ही तिचीच नोकरी होती.

"जरा बाजूने जा हो," ती म्हणाली. "फार वर्षांनी भेटलेत."