वडिलांची पट्टी

चार दिवस मी त्या रंधा मशीनच्या पाया पडत होतो. अगदी खरोखरच. टेबलाखालचे बोल्ट इतके खाली की जमिनीवर आडवं झाल्याशिवाय त्यांना पाना लागत नाही. माझं वय चौपन्न. आडवं होणं जमतं, उठताना कंबर नको नको ते ऐकवते.

मशीन तसं साधं आहे. एका रेषेत दोन लांब लोखंडी टेबलं आणि त्यांच्या मधे तीन पात्यांचा रूळ. फळी पुढच्या टेबलावरून ढकलायची, पाती तिची कड केसभर सोलतात, आणि सोललेली कड मागच्या टेबलावर जाऊन टेकते. मागचं टेबल पात्यांच्या बरोबर उंचीला हवं, आणि दोन्ही टेबलं एका रेषेत हवीत. एवढं जमलं की दोन फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धराव्यात, मधून उजेड दिसत नाही. आमच्या वर्कशॉपचं नाव त्या न दिसणाऱ्या उजेडावर झालेलं.

वर्षभरापासून तो दिसायला लागला. फळ्यांची टोकं जुळायची आणि मधे नखाएवढी फट राहायची. आम्ही शिकंजे आवळून ती दाबून टाकायचो. वाचनालयाचं मोठं टेबल असंच आवळून दिलं आणि दोन महिन्यांनी ते मधोमध उकललं. माझा थोरला भाऊ, दादा, स्वतः बघायला गेला. त्या फटीतून त्याने बोट फिरवलं, ग्रंथपालबाईंची माफी मागितली, परत आला आणि अंगातला एप्रन काढून खुंटीला अडकवला.

"माझा हात गेला," म्हणाला.

"हात कसला जातोय? मशीन हललं असेल."

"वडिलांच्या पट्टीने बघितलं मी. टेबलं सरळ आहेत. पाती नवी आहेत. मग उरलं कोण?"

वडिलांची पट्टी म्हणजे मीटरभर लांबीची पोलादी पट्टी. वडील होते तोवर तिला हात लावायला परवानगी लागायची. ती सरळ म्हणाली की सरळ, विषय संपला.

तेव्हापासून दादा खिडकीपाशी स्टुलावर बसून डब्यांमधले स्क्रू निवडत होता. लांब इकडे, आखूड तिकडे. चाळीस वर्षं ज्याने फळीवर नुसता तळवा फिरवून तिचा बाक सांगितला, तो माणूस स्क्रू निवडत होता. शनिवारी मशीन उचलायला माणूस येणार होता. तोही दादानेच ठरवलेला. मशीन गेलं की दादाही येणार नव्हता, आणि मग मी एकटा इथे बसून तयार फळ्यांना पॉलिश मारत मरणार होतो. डब्यात पडणाऱ्या स्क्रूंच्या आवाजाने माझं डोकं आत्ताच उठलं होतं.

म्हणून मी ठरवलं होतं, दोष मशीनचाच आहे हे दाखवायचं. पाती काढून धार लावून घेतली. परत बसवताना मागच्या टेबलावर लाकडाची काडी ठेवून रूळ हाताने फिरवला. तिन्ही पात्यांनी काडी सारखीच पुढे ओढली पाहिजे, तशी ओढली. गुण्या लावून बाजूचा आडोसा काटकोनात आणला. टेबलाखाली पत्र्याचे तुकडे सरकवत, काढत, पुन्हा सरकवत दोन्ही टेबलं वडिलांच्या पट्टीला अशी लावली की खालून सिगारेटचा कागदही जाईना.

गुरुवारी दुपारी दोन फळ्या मीच मशीनवरून काढल्या. कडा जुळवून खिडकीसमोर धरल्या. उजेड तसाच होता, आणि मला भडकून त्या फळ्या मोडाव्याशा वाटल्या.

"म्हणजे माझाही हात गेला का?" मी ओरडलो.

"तुझा होता कधी?" दादा स्टुलावरून म्हणाला.

"चेष्टा नको. मी काढल्या तरी तीच फट येते. मग दोष तुझा कसा?"

"तुला शिकवलं कोणी? माझी खोड उचलली असशील."

मी फळ्या आपटल्या आणि जमिनीवरच बसलो. खूप दमलो होतो. शनिवारी येणाऱ्याला येऊ दे, नेऊ दे, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. ती घरी कपडे शिवते. मापाची टेप गळ्यातून काढायची तिला आठवण राहत नाही. माझा सगळा वैताग तिने उभ्याउभ्या ऐकून घेतला.

"ती पट्टी तुम्ही शेवटची कधी तपासलीत?"

वडील कधी बदलले असं विचारल्यासारखं आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"पोलाद आहे ते, वहिनी."

"असू दे. माझी टेप ताणली गेली होती, तर शाळेने लिहून दिलेल्या मापाचे चाळीस गणवेश बोटभर मोठे झाले. मी आठवडाभर स्वतःलाच शिव्या घालत होते. टेपला कोण विचारतंय?"

तिचं समाधान करायला म्हणून मी उठलो. प्लायवूडवर पट्टी ठेवून बारीक पेन्सिलीने रेघ मारली. मग पट्टी उलटवली, तीच कड त्याच रेघेच्या दोन्ही टोकांना लावली आणि दुसरी रेघ मारली. पट्टी सरळ असेल तर दोन रेघांची एकच रेघ होते. आमच्या रेघा टोकांना जुळल्या आणि मधे अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारख्या फाकल्या.

पट्टीला पोटात बाक होता. वर्षभर तिच्याच हिशोबाने सरळ केलेली टेबलं मधे उंच आणि टोकांना उतरती झाली होती. त्यांच्यावरून जाणारी प्रत्येक फळी मधे खोलगट निघणारच. दादाने काढली तरी, मी काढली तरी.

दादा मुठीत स्क्रू घेऊनच आला. त्या रेघांवरून त्याने बोट फिरवलं. तो खूश होईल असं मला वाटलं होतं.

"माझ्याच हातून पडली असणार," तो म्हणाला. "परवा पेला पडला. त्याच्या आधी चष्मा. वडिलांनी तीस वर्षं जपली, मी तिची वाट लावली."

"अहो, पण तुमचा हात चांगला आहे हे तरी कळलं ना?" वहिनी म्हणाली.

"चांगला कसला? पट्टी धरता येत नाही त्याला."

तो तळवा उघडून बघत उभा राहिला. आणि मला शटर आठवलं.

गेल्या वर्षी एका सकाळी दादा लाकूड बघायला गेला होता. शटर अर्ध्यावर अडकलं. मी वाकून आत गेलो आणि हाताला लागलं ते घेऊन आलो. आडवी घातली तर वाकेल, म्हणून मोठ्या शहाणपणाने पट्टी कडेवर उभी करून शटरखाली घातली आणि सगळा भार दिला. शटर उघडलं. पट्टी डोळ्यांना सरळ दिसली, खिळ्याला परत अडकवली. दादा दोन दिवस ऐकवत बसेल म्हणून बोललो नाही, आणि पुढे विसरून गेलो.

आता गप्प बसता आलं असतं. पट्टी तर कामातून गेलीच होती, आणि दादाची समजूत वहिनीने हळूहळू घातली असती. पण तो अजून तळव्याकडेच बघत होता.

"दादा, पट्टी मी वाकवली," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

त्याने वर पाहिलं. "उभी घातलीस?"

"हो."

"का?"

"आडवी वाकली असती."

तो प्लायवूडवर, त्या रेघांवरच बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतोय. वहिनीने जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं. माझी मान वर होईना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

समोरच्या काचवाल्याकडून मी जाड काचेची लांब पट्टी मागून आणली. दादाने डोळे पुसले, आणि आधी ती उलटसुलट ठेवून रेघा मारायला लावल्या. एकच रेघ आली. मग तो स्वतः जमिनीवर आडवा झाला आणि माझे चार दिवसांचे पत्र्याचे तुकडे एकेक करून काढत गेला. मी वरून काच धरली. "वर, थोडं वर, थांब," एवढंच दोन तास चाललं होतं.

फळ्या त्यानेच काढल्या. जुळवल्या, खिडकीसमोर धरल्या. एक फळी फिरवून पुन्हा धरल्या. उजेड कुठेच नव्हता.

"त्या शनिवारच्या माणसाला फोन कर," तो वहिनीला म्हणाला. "येऊ नको म्हणावं."

मग त्याने खुंटीवरचा एप्रन घेतला, त्यावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून शटर मी उघडणार. तू हात लावायचा नाहीस."