चढावरच्या दोन घंट्या

मित्रांनो, मी एक जुनी एसटी आहे. लाल रंगाची, लांब नाकाची. हल्ली मला पाहिलं की मुलं फोन काढतात आणि माझ्यापुढे उभी राहून दात दाखवतात. दाखवोत बापडी! पण तुमच्या आजीला विचारून पाहा, ती कधीतरी चप्पल हातात घेऊन माझ्यामागे धावली असेल.

माझी बॉडी दापोडीच्या एसटी कारखान्यात बांधली, पण मी अंतर्बाह्य नाशिकची. देवळाली कॅम्पहून सुट्टीवर निघालेल्या जवानांच्या लोखंडी पेट्या मी टपावर वाहिल्या. सटाण्याहून येताना कांद्याच्या गोण्या असत, त्यांचा वास अंगातून जाता जात नसे. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, उशीर झाला की मला नावं ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझीच वाट पाहत. पुंजाराम माझा ड्रायव्हर होता. आमचे नियम दोनच होते. रस्त्यात कुणी हात दाखवला की थांबायचं आणि दोरी ओढून दोन घंट्या वाजल्याशिवाय हलायचं नाही.

पुढे मला मोडीत काढलं. भंगाराच्या आवारात माझ्या चाकांभोवती गवत वाढलं आणि कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. कोंबड्यांचा मला राग आला नाही. निदान कुणी बसत तरी होतं! मात्र रस्त्यावरून दुसऱ्या एसटीचा आवाज आला की फार वाईट वाटायचं.

एके दिवशी दीपकने मला विकत घेतलं. त्र्यंबक रस्त्यावर त्याचं हॉटेल आहे. माझं इंजिन काढायचं, आत टेबलं मांडायची आणि मला दारात कायमची उभी करायची, असा त्याचा बेत होता. निवृत्त पुंजारामच्या कानावर हे गेलं आणि तो तडक हॉटेलात आला.

"शेठ, जित्या गाडीचं काळीज काढता का? मी नीट करतो तिला. आधी चालवून तर बघा."

दीपक हसला, पण नाही म्हणाला नाही. "ठीक आहे, काका. त्र्यंबकेश्वरपर्यंत न थांबता गेली, तर पाहुण्यांना फिरवायला ठेवू. वाटेत अडली, तर इंजिन बाहेर."

पुंजारामने मला खोलली, घासली, जोडली. मग रंग चढला, नवी दोरी आली आणि चाचणीची सकाळ उजाडली. सातपूर मागे पडेपर्यंत मी नव्या नवरीसारखी जपून चालले. दीपक हाताची घडी घालून मागे बसला होता. अंजनेरीच्या अलीकडे चढ लागला. मला धाप लागू लागली, तरी मी नेटाने चढत होते.

चढाच्या मध्यावर रंगूबाई नावाच्या फूलवाल्या आजी झेंडूची गाठोडी घेऊन उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी हात वर केला.

"काका, थांबू नका! चढ आहे!" दीपक ओरडला.

पण पुंजारामचा पाय कधीच ब्रेकवर गेला होता. मी थांबले आणि माझ्या नाकातून भसाभसा वाफ निघाली.

"संपलं, काका," दीपक म्हणाला.  पुंजारामने माझ्या स्टिअरिंगवरून हात फिरवला. मला रडू येत होतं.

रंगूबाई मात्र गाठोडी आत लोटून खिडकीपाशी बसल्याही होत्या. "काय झालं रं?"

"तापली, आजी."

"मंग पाणी पाजा की तिला! फुलांवर मारायला कॅन आणलाय, घ्या."

पुंजारामने मला निवू दिलं, मग जपून झाकण उघडून पाणी ओतलं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तरी तो गाडी काढीना. नुसता आरशात पाहत बसला.

"चला ना, काका," दीपक म्हणाला.

"अरं पोरा, त्यो कसा निघंल?" रंगूबाई त्याच्यावरच खेकसल्या. "घंटी दे आधी! कंडक्टर ना तू?"

दीपक गोंधळला. मग उठला आणि त्याने दोरी ओढली. टिंग, टिंग.

मित्रांनो, किती वर्षांनी ऐकल्या मी त्या दोन घंट्या! नंतर चढ कधी सरला ते मला कळलंच नाही.

त्र्यंबकेश्वरला गाठोडी उतरवून रंगूबाईंनी दीपकला विचारलं, "उद्याच्याला बी ह्याच टायमाला ना रं?"

पैज तर मी हरले होते. पुंजाराम मान खाली घालून चाकाकडे पाहत होता. दीपकने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रंगूबाईंच्या रिकाम्या कॅनकडे.

"हो, आजी. पण जरा खाली उभ्या राहा, चढ लागायच्या आधी."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही धुऊनपुसून शोभेला ठेवता, त्यात माया असतेच. पण जिच्यात अजून धुगधुगी आहे, तिला थोडं कामही द्या. दमली तर पाणी द्या आणि धीर धरा. त्र्यंबक रस्त्यावर मी दिसले, तर नुसता फोटो काढू नका. हात दाखवा. मी थांबते.