एका दाराचा बाक

मित्रांनो, आधी बसा. उभ्याने ऐकू नका. मी एक जुना लाकडी बाक आहे आणि येणाऱ्याला बसवणे हाच माझा धर्म. थोडा गर्विष्ठही आहे. पण गोष्ट ऐकलीत, तर तेवढा गर्व तुम्ही चालवून घ्याल.

माझे लाकूड मूळचे हातमागाचे. सोलापुरातल्या एका विणकराने माग मोडला, तेव्हा गुरप्पा सुताराने त्या लाकडातून मला घडवले. "सागवान हाय. पोरांच्या दंग्याला पुरून उरंल," असे म्हणत त्याने मला थोपटले होते. तिथून मी शुक्रवार पेठेतल्या युवा केंद्रात आलो.

या केंद्रात सगळे एकाच छपराखाली होते. डोळे तपासणारे डॉक्टर, नोकरीची माहिती देणारे सर आणि मनातले ऐकून घेणाऱ्या ज्ञानदाताई. आत यायला दार एकच आणि वाट बघायला बाकही एकच. तो मी!

आमच्या गल्लीची एक रीत आहे. आल्यागेल्याला "कुणाकडं आलता?" असे विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. समोरच्या गिरणीतल्या दुर्गाकाकू तर पिठाच्या हातांनीच बाहेर येतात. "काय गं, कशाला आलतीस?" पोरगी म्हणते, "डोळे तपासायला, काकू." विषय संपला. ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात. मी म्हणतो, पोर ताकाला आले ना? मग लपवू दे की भांडे!

सृष्टी अशीच आली. जेऊरची, मेंढरे राखणाऱ्या घरातली मुलगी, शिकायला इथे वसतिगृहात राहिलेली. डोके दुखते म्हणून डोळे दाखवायला आली. डॉक्टर म्हणाले, डोळे छान आहेत, जरा शेजारच्या ताईंशी बोलून बघ. ती पुन्हा माझ्यावर येऊन बसली. बराच वेळ ओढणीचे टोक पिळत राहिली आणि मग उठून ज्ञानदाताईंकडे गेली. दार लागता लागता तिचे शब्द माझ्या कानी पडले. "ताई, झोप लागंना. जगावंसंच वाटंना."

त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. एकदा तर माझ्यावर बसून तिने शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. भाकरीचा चुरा माझ्या फटीत अडकला, तो मी मुंडावळ्यांसारखा मिरवला.

मग जिल्ह्याच्या कचेरीतून शरच्चंद्र साहेब आले. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत अशी केंद्रे काढायचे धोरण ठरत होते आणि आमचे केंद्र त्याचा नमुना होणार होते. साहेब मनाने चांगले. मनाच्या दुखण्याला मान मिळावा म्हणून त्यांनी ताईंसाठी वेगळी खोली केली, गल्लीकडे वेगळे दार काढले, मऊ खुर्च्या आणल्या आणि वर पाटी लावली, 'मानसिक आरोग्य कक्ष'. अक्षरे एवढी मोठी, की गिरणीतूनही वाचता यावीत. माझी रवानगी परसात झाली. अंगावर फुटक्या कुंड्या आल्या.

परसाच्या फाटकातून मला ते नवे दार दिसायचे. तिकडे कुणी फिरकेना. एके दिवशी सृष्टी आली. गिरणीच्या दारातून दुर्गाकाकूंनी आधी तिच्याकडे पाहिले, मग पाटीकडे. सृष्टी तशीच माघारी वळली. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. मित्रांनो, मला फार भीती वाटली. पाय चार असून मला तिच्यामागे जाता येत नव्हते.

ज्ञानदाताईंनी फोन करून करून तिच्या आईला गाठले. गोजाबाई सकाळच्या गाडीने आल्या आणि वसतिगृहातून लेकीला घेऊन केंद्रात पोचल्या. त्याच दिवशी परसात साहेबांची बैठक होती. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून कुंड्या काढून मला पुसले. साहेब स्वतः माझ्यावर बसले, शेजारी ताईंनी बोलावलेल्या मायलेकी.

"सोय एवढी चांगली केली, तरी मुलं का येत नाहीत?" साहेबांनी विचारले.

गोजाबाईंनी पदराने डोळे पुसले. "कळपातलं मेंढरू गप बसलं, तर मला लांबनं कळतंय सायेब. पोटच्या पोरीचं न्हाय कळलं. हितं आल्यावर ती हसाय लागली व्हती. पन त्या दारातनं जायचं म्हनलं, की पाय उचलत न्हाय तिचा."

सृष्टी हळूच बोलली, "साहेब, आत्ता तुमी या बाकावर बसलाय. मीबी बसलेय. बघनाऱ्याला कळतंय का, कोन कशाला आलंय?"

साहेबांनी पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "चुकलं आमचं," ते म्हणाले. "ते दार बुजवा. आणि हा बाक आत घ्या."

धोरण हा शब्द फार मोठा आहे. मला त्यातले एवढेच कळते, की आता प्रत्येक तालुक्याच्या केंद्रात दार एक आणि बाक एक असणार. माप घ्यायला म्हातारा गुरप्पाच आला होता. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत माझी भावंडे जाणार आहेत. मग सांगा, ताठ का बसू नये मी?

सृष्टी आता पुढच्या वर्षाला गेली आहे. परवा ती आली, तेव्हा माझ्या अगदी टोकाला एक मुलगी मान खाली घालून बसली होती. सृष्टीने तिला काही विचारले नाही. फक्त आपली पिशवी मांडीवर घेतली आणि थोडी सरकली.

मित्रांनो, कर्कटकाने माझ्यावर नावे कोरू नका, एवढे तर ऐकाच. आणि तुमच्या शेजारी कुणी असे गप्प येऊन बसले, तर "कशाला आलास?" असे विचारू नका. जरा सरकून जागा द्या.