गोणीची निळी शिवण

शेडबाहेर निम्मी वस्ती जमली होती. आत एक कोंबडी मान पाठीकडे वळवून गोल गोल फिरली आणि कोंबडीवालीच्या पायाशी कोसळली. गर्दी दोन पावलं मागे सरकली.

"उपाशी पिशाच्च आहे," भूत उतरवायला आलेले बाबा डोळे मिटून म्हणाले. "मक्यावर जीव आहे त्याचा. मका दिला की जाईल."

पिशाच्च बाबांच्या नात्यातलं असावं. त्याची आवडनिवड त्यांना तोंडपाठ होती.

दोन आठवड्यांत कोंबडीवालीच्या अडीचशे कोंबड्या गेल्या होत्या. भर दुपारी रिकाम्या खुराड्यांतून तिला चोची आपटल्याचा आवाज यायचा. सोमवारी तिने पिशाच्चासाठी मक्याच्या चार गोण्या कोठीत ठेवल्या, बाबांनी कुलूप घातलं, आणि मंगळवारी कोठीत दाणा नव्हता. लोकांनी हात जोडले. कुलूप बाबांचं, किल्लीही बाबांची, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. आज शेवटच्या दोन गोण्या द्यायच्या होत्या, पिल्लांसाठी राखलेल्या.

तेवढ्यात जनावरांची डॉक्टरीणबाई आली. तिच्या हातात रिकामी गोणी होती. "ही शिवण कुणाची?"

निळी लोकर, दुहेरी गाठ. लेकीचा जुना स्वेटर उसवून कोंबडीवालीच तशी गोणी शिवायची.

"माझी. कुठे मिळाली?"

"इंधनाच्या कारखान्यावर. मका उतरवत होते तिथे."

"पिशाच्च कुठेही नेईल," बाबा म्हणाले.

"नेईल की. पण टेम्पो तुमच्या मेव्हण्याचा होता."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. कोंबडीवालीला हसू आलं नाही. "मग माझ्या कोंबड्या कुणी मारल्या?"

डॉक्टरीणबाईने खाद्याच्या पिंपातलं ढेकूळ फोडलं. आत हिरवट बुरशी होती. "सरकारने गाड्यांच्या इंधनात मक्याचं अल्कोहोल मिसळायला लावलं. कारखाना चढ्या दराने मका उचलतो. तुझ्या शेतकरी भावाचं भलं झालं, पण तुला मोठ्या कोंबड्यांसाठी मका परवडेना, म्हणून तू कारखान्यात अल्कोहोल काढून उरलेला चोथा आणलास. तो नीट वाळला नव्हता, त्यात ही विषारी बुरशी धरली. मका खाणारं एक तरी पिल्लू मेलं का?"

एकही मेलं नव्हतं. ती पिंपाजवळ बसली. "भूत असतं तर बरं होतं, बाई. मी माझ्या हाताने घातलंय हे."

मग उठून तिने चोथा खड्ड्यात पुरला, राखलेल्या गोणीची निळी शिवण उसवली आणि उरलेल्या कोंबड्यांना मका टाकला. बाबा केव्हाच पसार झाले होते.

भूत दाखवणाऱ्याला आधी विचारावं, किल्ली कुणाकडे आहे. आणि आपल्या तोंडचा दाणा कुठे जातोय, हेही विचारावं. त्याचं उत्तर मात्र शेडमध्ये मिळत नाही. रिकाम्या खुराड्यांतून तिला अजून दुपारी चोची ऐकू येतात. ती घाबरत नाही. उठते, आणि खाद्य हुंगून बघते.