कुशीवरचे साडेचार फोड

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, फायबरची. लाकडी होड्या मला टोपलं म्हणून हिणवतात. पण नवी होते तेव्हा लोक माझ्या अंगात तोंड पाहून भांग पाडत!

दोन भावांनी मला घेतलं. थोरला मला जिवापाड जपायचा. एकदा वादळात तो पाण्यात पडला आणि माझी उजवी कूस धरून राहिला. मग लाटेने त्याला ओढून नेलं. मी रिकामीच किनाऱ्याला लागले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी शेडमध्ये पडून होते. माझ्या उजव्या कुशीला चीर गेली, पाणी मुरलं, फायबरच्या थरांमधलं लाकूड कुजलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग धाकट्याला पुन्हा समुद्रावर जायची हुक्की आली. त्याने रंगाऱ्याला बोलावलं.

"आधी हिला खरवडून वाळवू," रंगारी म्हणाला. "मग पाणी आत मुरू न देणारा इपॉक्सी प्रायमर, मग त्यावर चालणारा रंग."

"काका, एवढे सोपस्कार कशाला? दारं-खिडक्या रंगवून उरलेला प्रायमर आहे, तोच फासा. मला परवा निघायचंय."

मी मनातून हादरले. पहिल्याच मोठ्या लाटेला मी फुटणार होते आणि धाकटा बुडणार होता. पण होडीला वाचा कुठली?

रंगाऱ्याने तोच प्रायमर फासून वर रंग दिला. सकाळी रंगावर फोड आले होते, नेमके उजव्या कुशीवर. रंगाऱ्याने ते घासून पुन्हा रंग दिला. दुसऱ्या दिवशी तिथेच, तसेच फोड! त्याने त्यांवर पंजा ठेवून पाहिला.

"बोटं आहेत रे ही. पण पाच नाहीत, साडेचार."

धाकटा पांढराफटक पडला. थोरल्याचं मधलं बोट इंजिनाच्या पट्ट्यात अर्धं तुटलं होतं.

मित्रांनो, ओलीने फोड येतात हे खरं. पण बोटं मोजून फोड आणायची अक्कल माझ्यात नाही. कुणीतरी आतून दाबत होतं. मला ते जाणवत होतं आणि माझी भीतीने गाळण उडाली होती.

थोरल्याची बायको, वहिनी, आली. तिने त्या ठशावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"भावजी, हे अडवतायत तुम्हाला."

रंगाऱ्याने तिथे पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळं पाणी ठिबकू लागलं. धाकट्याने त्या पाण्याला बोट लावून पाहिलं.

"काका, तसाच निघालो असतो तर?"

"तर भेटला असतास भावाला."

मग सगळं रीतसर झालं. कूज काढली, मला खडखडीत वाळवलं, नवं फायबर बसवलं, इपॉक्सी प्रायमर आणि वर त्याला मानवणारा रंग. एकही फोड आला नाही. आता धाकटा मला घेऊन जातो आणि सुखरूप परत येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वरवर रंग फासू नका. आधी तिच्या आत काय मुरलंय ते पाहा.

वहिनी मात्र अधूनमधून येते आणि माझ्या उजव्या कुशीवरून हात फिरवत राहते. हाताला काहीच लागत नाही. परवा रंगारी तिथेच होता. त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "काका, इतका पक्का प्रायमर कशाला हो लावलात?"